‘चेक एवढ्यात टाकू नका’ असे एजंट सांगतो तेव्हा

आपण लिहिले आहे की, शेअर बाजारात पैसा फिरवून दरमहा 6 टक्के देणाऱ्या एका गृहस्थाकडे आपल्या मेहुण्यांनी 3 लाख रुपये ठेवले, नोटरीसमोर 500 रुपयांच्या मुद्रांकावर करार झाला, मुद्दलाचा चेकही हाती आहे, पण दोन हप्ते थकले असून ‘चेक एवढ्यात टाकू नका’ असे एजंट सांगत आहे. माझा करार 100 रुपयांच्या मुद्रांकावर होता, कारण तेव्हा तो चालत असे. बाकी सारे हुबेहूब हेच.

महिना 6 टक्के व्याज संशयास्पद असते, हे आता सांगून उपयोग नाही. मी 4 लाखांवर 7 टक्क्यांनी 28,000 रुपयांचे चार हप्ते घेतले आणि गावभर त्या माणसाचे गुण गायिलो. ते 1,12,000 रुपये माझ्याच मुद्दलातून आले असावेत, हे तेव्हा सुचले नाही. आपल्या मेहुण्यांच्या बाबतीतही सतरावा हप्ता हाती पडेपर्यंत मुद्दलसुद्धा वसूल होत नाही.

मला सर्वांत महाग पडली ती मात्र चेकची चूक. एजंट नात्यातला होता. ‘चेक वटला नाही तर साहेबांचे खाते गोठेल आणि सगळ्यांचेच पैसे अडकतील, मी रोख आणून देतो’, असे तो दर आठवड्याला सांगत राहिला आणि भिडेपोटी मी थांबलो. चेकवरील तारखेपासून तीन महिन्यांत तो बँकेत भरावा लागतो. माझे ते तीन महिने गेले आणि कागदाची किंमत शून्य झाली. वेळेत भरला असता, तर तो न वटल्याची बँकेची सूचना मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस, त्यानंतर 15 दिवसांची वाट आणि मग महिन्याच्या आत न्यायालयात तक्रार, हा परक्राम्य संलेख अधिनियमातील (चेकविषयक कायद्यातील) कलम 138 चा रस्ता मोकळा होता. म्हणून मेहुण्यांच्या चेकवरची तारीख आजच पाहा आणि ती येऊन गेली असेल, पण तिला तीन महिने झाले नसतील, तर उद्याच तो भरा. नात्याचा विचार नंतर करता येईल.

दुसरा घाव करारातील एका शब्दाने घातला. त्यात रक्कम ‘हातउसनी’ घेतल्याचे लिहिले होते. पोलीस ठाण्यात तेवढा एक शब्द वाचून ‘ही दिवाणी बाब आहे, दावा लावा’ असे सांगून मला परत पाठवण्यात आले, आणि पुढचे सात महिने मी त्याच टेबलापुढे उभा राहिलो. (त्या सात महिन्यांबद्दल अधिक लिहिले तर भाषेचा तोल जाईल.) वस्तुतः महाराष्ट्रात ठेवीदारांच्या हितसंबंधांच्या संरक्षणाचा 1999 चा अधिनियम आहे, ज्याला सगळे ‘एमपीआयडी’ म्हणतात. त्यातील ‘ठेव’ या शब्दाची व्याप्ती मोठी असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2022 साली स्पष्ट केले, आणि त्याखाली आरोपीची मालमत्ता जप्तही करता येते. अर्थात मी वकील नाही. आपला करार त्यात बसतो की नाही, हे कागद पाहणाराच सांगू शकेल. आमचे काम हलले ते आम्ही अनेकजण एकत्र येऊन, प्रत्येकाच्या बँक नोंदींसह आर्थिक गुन्हे शाखेकडे गेल्यावर. पैसे अजून आलेले नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

त्या गृहस्थाच्या कार्यालयात चौकटीत लावलेल्या प्रमाणपत्रांवर विसंबू नका. उद्यम नोंदणी, जीएसटी क्रमांक किंवा कंपनी नोंदणी यांपैकी कशानेही लोकांकडून ठेवी घेण्याचा परवाना मिळत नाही. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या ‘सेबी’चा नोंदणी क्रमांक दाखवत असेल तर तो कोणत्या कामाचा आहे, हे सेबीच्या संकेतस्थळावर पाहा, सल्लागार म्हणून नोंदलेल्या माणसाला आपले पैसे स्वतःच्या खात्यात घेऊन फिरवता येत नाहीत, आणि नोंदणीकृत पोर्टफोलिओ व्यवस्थापक (ग्राहकाच्या वतीने त्याची गुंतवणूक सांभाळणारा) 50 लाखांखाली ग्राहकच घेऊ शकत नाही. तीन लाखांवर ‘पोर्टफोलिओ’ सांभाळणारा माणूस तिथेच उघडा पडतो.

थकलेले हप्ते मुद्दलात मिळवून ‘नवा करार’ करण्याचा प्रस्ताव लवकरच येईल, आणि त्यासाठी जुना मूळ करार परत मागितला जाईल. तो देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. करारात ‘हातउसने’ लिहिले आहे का, आणि चेक त्या गृहस्थाच्या स्वतःच्या खात्याचा आहे की दुसऱ्याच कोणाच्या, एवढे पाहून कळवा.