काठमांडूच्या बालगृहात दोन आठवडे शिकवायला जातेय, मुलांचे नॅचरल फोटो कसे काढू? कुठली लेन्स नेऊ?

लेन्सचं शेवटी सांगते. आधी माझं काय झालं ते ऐका, कारण मी गेले तेव्हा मला हे कोणीच सांगितलं नव्हतं.

२०१६ च्या डिसेंबरात मी काठमांडूला लागूनच असलेल्या ललितपूरच्या एका बालगृहात तीन आठवडे होते. पहिल्याच दिवशी कॅमेरा काढला तर पोरं धावत येऊन ओळीत उभी, लहान पुढे मोठी मागे, कोणी काही सांगायच्या आत. हे किती वेळा झालं असेल त्यांच्यासोबत विचार करा, मला तर तेव्हा गोडच वाटलं. एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा मात्र गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसला. आणि मी लांबून झूम करून नेमका त्याचाच फोटो काढला. थंडीतलं कोवळं ऊन, फोटो खरंच सुंदर आला, फेसबुकवर टाकला, संस्थेलाही दिला. चार महिन्यांनी तोच फोटो त्यांच्या देणगीच्या पत्रकावर, खाली लिहिलेलं की याला जगात कोणी नाही. अहो त्याची आई हुमल्यात होती, तिकडे नेपाळच्या दूरच्या डोंगराळ जिल्ह्यात! आईकडे मेंढ्या आहेत हे त्यानेच मला सांगितलेलं. मी मेल केले, फोन केले, पत्रक काही मागे घेतलं नाही त्यांनी. आजही सलतं मला ते.

नंतर वाचत गेले तेव्हा कळलं की हा एकटा नाही. नेपाळच्या बालगृहांमधल्या बहुतेक मुलांचे आईवडील, निदान दोघांपैकी एक तरी, हयात असतात. १९९६ ते २००६ च्या माओवादी संघर्षात हुमल्यासारख्या डोंगराळ भागातून दलालांनी आईबापांकडून पैसे घेऊन मुलं शहरात आणली, शाळेत घालतो म्हणून. आणि बालगृहं दाटीने कुठे आहेत तर काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, पोखरा, चितवन, म्हणजे जिथे टुरिस्ट जातात तिथेच. पैसा येतो तो फोटो बघून. तुमचा फोटो कितीही प्रेमाने काढलेला असो, तो त्याच कामाला लागू शकतो.

म्हणून जायच्या आधी संस्थेला एक विचारा, दशैंला, म्हणजे त्यांच्या दसऱ्याच्या सणाला, किती मुलं घरी जातात? उत्तर टाळलं किंवा "यांना कोणीच नाही" असं सरसकट आलं तर मी तरी जाणार नाही.

गेलातच तर चेहरे सोडून द्या. आपल्याकडे बाल न्याय कायद्याच्या (२०१५) कलम ७४ नुसार अशा मुलांची ओळख पटेल असा फोटो छापला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पुण्यातल्या बालगृहात जे आपण करणार नाही ते विमानात बसून गेलो म्हणून का करायचं? हात, वह्या, दारातल्या चपलांचा ढीग, डाळभाताची पातेली, तुम्ही केलेलं काम, हे काढा की भरपूर. शाळेच्या युनिफॉर्मचा बिल्ला, वहीवरचं नाव, बालगृहाची पाटी फ्रेममध्ये नको, आणि मोबाइलचं लोकेशन बंद ठेवा. संचालकाने हो म्हटलं म्हणजे मुलाने हो म्हटलं असं होत नाही, "फोटो खिचे हुन्छ?" (फोटो काढला तर चालेल का?) असं नेपाळीत त्यालाच विचारा, आणि तो हो म्हणाला तरी तो फोटो नेटवर टाकायचा नाही. मान खाली घातली तरी ते नाहीच समजा.

मग चेहऱ्याचे फोटो अजिबात काढायचेच नाहीत का? काढा, पण त्यांच्यासाठी. तिथल्या एका मुलीने मला विचारलं होतं, दिदी, मी लहान असतानाचा फोटो आहे का तुझ्याकडे? मला येऊन जेमतेम आठवडा झालेला. तिला वाटत होतं पाहुण्यांकडे असतातच, कारण काढून तेच नेतात. तिच्याकडे स्वतःचा एकही नव्हता. दुसऱ्या दिवशी बाजारातल्या स्टुडिओतून प्रिंट काढून आणले, प्रत्येकाला दोन, एक ठेवायला आणि एक घरी पाठवायला. टाकीमागच्या मुलानेही त्या दिवशी स्वतःहून येऊन काढून घेतला, केस ओले करून, भांग पाडून. ते फोटो माझ्याकडे नाहीत, कार्ड तिथेच पुसलं.

लेन्स ३५ एमएम पुरे, त्यासाठी मुलाच्या जवळ जाऊन बसावं लागतं. झूम घरी ठेवा.