तुमचे प्रश्न: सायकलवरून त्वचेच्या कर्करोगाबद्दल सांगायचं तरी काय?

प्रश्न: आम्ही कोथरूड-कर्वेनगर भागातले सायकलवाले. आमच्यातल्या एकाच्या वडिलांना तळपायाचा मेलानोमा, म्हणजे त्वचेचा कर्करोग निघाला. बरेच दिवस ते कुरूप समजून चालत होते. त्यांच्यासाठी म्हणून आम्ही जानेवारीअखेर पुणे ते पणजी सायकल यात्रा काढतोय. वाटेत जनजागृती करायची आणि थोडा निधीही जमवायचा. टी-शर्टवर ‘सनस्क्रीन लावा, कर्करोग टाळा’ असं छापायचं ठरत होतं, तर गटातले काही जण म्हणाले, आपल्याकडे हा रोग होतच नाही, दुसरा विषय घ्या. तुमचं मत काय? आणि दिवसदिवस उन्हात सायकल चालवताना आमच्या त्वचेचं काय करायचं?
– एक वाचक, पुणे

उत्तर: यात्रा काढाच, आणि विषयही बदलू नका. बदलायचं ते टी-शर्टवरचं वाक्य. ज्या काकांसाठी निघालात, त्यांचा मेलानोमा तळपायाला होता. तळपायाला ऊन लागतं कुठे? त्यांनी जन्मभर रोज सनस्क्रीन लावलं असतं तरी तो टळला नसता. काकांच्याच उपयोगाचं नाही असं वाक्य छातीवर लावून पणजी गाठू नका, एवढी कळकळीची विनंती.

सनस्क्रीनचा संदेश गोऱ्या त्वचेच्या देशांतून आला आणि तिथे तो खराच आहे. ऑस्ट्रेलियात १९८१ पासून ‘स्लिप, स्लॉप, स्लॅप’ म्हणजे अंगात शर्ट, त्वचेला सनस्क्रीन, डोक्याला टोपी अशी मोहीम चालू आहे आणि ती पोराटोरांना तोंडपाठ असते. आपल्या त्वचेत मेलॅनिन हे रंगद्रव्य जास्त, त्यामुळे उन्हाने होणारा कर्करोग आपल्याकडे पुष्कळ कमी. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. शिवाय आपल्याकडे त्वचेचा कर्करोग बरेचदा भलत्याच जागी येतो, जिथे कुणी बघत नाही.

पहिली जागा काकांचीच: तळपाय, तळहात, नखाखाली. गायक बॉब मार्ले यांना पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली मेलानोमा झाला होता. फुटबॉल खेळताना लागलंय असं आधी वाटलं. १९८१ मध्ये वयाच्या ३६ व्या वर्षी ते गेले. आपल्याकडे तळपायावर काळा डाग दिसला की कुरूप म्हणून ब्लेडने तासतात, नाहीतर मेडिकलमधून पट्टी आणून चिकटवतात. दुखत नाही ना, मग कशाला दाखवायचं?

दुसरी जागा जुनी जखम किंवा भाजल्याचा वण. माझ्याकडे येणाऱ्यांत हे मी जास्त बघते. आमच्या कोल्हापूर भागातल्या एक बाई आल्या होत्या. लग्न झालं त्या वर्षी स्टोव्हच्या भडक्यात हात भाजला होता, कोपरापासून मनगटापर्यंत ताणलेली, चकचकीत कातडी. तिच्या मधोमध एक फोड आला, फुटला, खपली धरली, खपली निघाली की पुन्हा ओल. हळद झाली, ट्यूब झाली, देवाचा अंगारा झाला. मी पाहिलं तेव्हा जखमेच्या कडा बाहेरच्या बाजूला उलटून कडक झाल्या होत्या आणि पोलक्याची बाही चिकटू नये म्हणून आत केळीचं पान ठेवलेलं होतं. अशी जखम चरत जाते. भाजल्यानंतर वीस-तीस वर्षांनीही वणात कर्करोग होऊ शकतो, हे त्यांना कुणीच कधी सांगितलं नव्हतं. बायोप्सी केली, म्हणजे छोटा तुकडा काढून तपासला, शस्त्रक्रिया झाली, हात वाचला. आता त्या जावेला, नणंदेला, शेजारणीला धरून माझ्याकडे आणतात! तुमच्या यात्रेने नेमकं हेच काम करावं असं मला वाटतं.

तिसरी जागा कंबर. ही तर आपल्या इथलीच गोष्ट. १९४५ साली मुंबईतल्या खानोलकर आणि सूर्याबाई या संशोधकांनी धोतराच्या काचणाऱ्या गाठीखाली होणाऱ्या कर्करोगाची नोंद केली. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी दोन वयस्कर बायकांची प्रकरणं प्रसिद्ध केली. एकीला परकराच्या आवळलेल्या नाडीखाली, तर दुसरीला लुगड्याच्या घट्ट गाठीखाली न भरणारी जखम झाली होती. हा प्रकार फार दुर्मीळ आहे, कुणाला घाबरवू नका. पण नाडीच्या वळावर कातडी काळी पडून खाजत असेल तर नाडी सैल करावी, जागा बदलावी, नाडीऐवजी रुंद पट्टा लावावा, आणि तिथे जखम होऊन भरत नसेल तर दाखवावी. हे बायकांना बायकांनीच सांगायला हवं. तुमच्या गटात मुली आहेत का? नसतील तर घ्या.

तेव्हा टी-शर्टवर लिहा: ‘महिन्यात न भरणारी जखम डॉक्टरांना दाखवा.’ पाठीवर लिहा: ‘तळपाय बघितलात का?’

आता कुणाला सांगायचं? शहरातल्या चौकात फोटो काढून पुढे जाऊ नका. जानेवारीत सातारा, कराड, कोल्हापूर पट्ट्यात कारखान्यांचा गळीत हंगाम ऐन भरात असतो. ऊसतोडीचे अड्डे रस्त्यापासून फार लांब नसतात. तिथली माणसं पहाटेपासून फडात असतात, पाचटाने हातपाय कापतात आणि जखम हे त्यांच्या लेखी दुखणंच नसतं, सगळं अंगावर काढायचं. मुकादमाशी आधी बोलून ठेवा, संध्याकाळी जा, बरोबर एखादा त्वचारोगतज्ज्ञ असू द्या. भाषण नको. एक आरसा न्या. जमिनीवर ठेवून त्यात आपला तळवा कसा बघायचा, ते करून दाखवा. संकेश्वरहून गडहिंग्लज, आजरा, आंबोली असे उतरणार असाल तर त्या बाजूच्या आठवडी बाजारांतही थांबा.

निधीबद्दल. शस्त्रक्रिया, केमो यांसाठी सरकारी योजना आहेत. माणूस अडतो त्याच्या आधी: गाडीभाडं, बुडालेली मजुरी, सोबत कोण येणार. पंच बायोप्सीला बधिर करून चार मिलिमीटरचा तुकडा काढतात, एखादा टाका पडतो, पाच-दहा मिनिटांचं काम. पण त्यासाठी जिल्ह्याच्या गावी दोनदा खेटा, एकदा तुकडा द्यायला, एकदा रिपोर्टला. तुमचे पैसे त्या खेट्यांवर खर्च झाले तर त्यांचं चीज होईल. देणगी थेट रुग्णालयाच्या किंवा नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात जाऊ द्या आणि प्रत्येकाला पावती मिळू द्या. गटातल्या कुणाच्या खासगी खात्यात एक रुपयाही नको, मग तो कितीही विश्वासाचा असो.

राहिली तुमची त्वचा. जानेवारीत हवा गार असते म्हणून ऊन सौम्य वाटतं. अतिनील किरणांना गारव्याशी देणंघेणं नाही. यूव्ही इंडेक्स, म्हणजे या किरणांच्या तीव्रतेचा आकडा, ३ झाला की त्वचा झाका असं जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि आपल्याकडे जानेवारीतही दुपारी तो त्याच्या बराच वर असतो. सोपी खूण सांगते: आपली सावली आपल्यापेक्षा आखूड झाली की थांबायची वेळ झाली. पहाटे उजाडताच निघा, अकराच्या आत निम्म्याहून जास्त अंतर तोडा, ऊन कलल्यावर पुन्हा निघा. अंधारात मात्र अजिबात चालवू नका, उसाच्या ट्रॉल्यांना मागे दिवा असेलच असं नाही.

लांब बाह्यांची जर्सी किंवा हातांना स्लीव्हज हे सनस्क्रीनपेक्षा खात्रीचं. सायकलवाल्यांच्या विसरलेल्या जागा ठरलेल्या: कान, मानेची मागची बाजू, खालचा ओठ, पोटऱ्या, हातमोज्यांच्या वरचं मनगट, आणि केस विरळ असतील तर हेल्मेटच्या भोकांखालची टाळू. तिथे एसपीएफ ३० किंवा ५० चं सनस्क्रीन, निघण्याआधी वीस मिनिटं. चेहरा, कान आणि मान मिळून एक चमचा भरून, वाटाण्याएवढं नव्हे. घामाने ते उतरतं, म्हणून दर दोन तासांनी पुन्हा. आणि परत आल्यावर काकांना सगळ्यांनी भेटून या.

प्रश्न: मुलगा-सून ब्रिस्बेनला असतात. मुलगा तिथे अशाच मदतनिधीच्या लांब पल्ल्याच्या राइडला जाणार आहे. तो म्हणतो, ‘आपण सावळे, आपल्याला सनस्क्रीनची गरज नाही.’ खरं का?
– एक आई, सांगली

उत्तर: निम्मं खरं. ब्रिस्बेन ज्या राज्यात आहे त्या ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये त्वचेच्या कर्करोगाचं प्रमाण जगात सर्वांत जास्त गणलं जातं, पण त्यात बहुतेक गोरे. तिथले तज्ज्ञही आता त्वचेच्या रंगानुसार वेगवेगळा सल्ला देतात, कारण सावळ्यांना तिथे ड जीवनसत्त्वाची कमतरता होऊ शकते. दुकानापर्यंत जाऊन यायला त्याने सनस्क्रीन नाही लावलं तर बिघडत नाही. राइडचं तसं नाही, तासन्‌तास ऊन आणि तेही तिथलं. त्याच राज्यातल्या नंबोर गावात १९९० च्या दशकात मोठी चाचणी झाली. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांत स्क्वॅमस सेल नावाच्या प्रकारचा त्वचेचा कर्करोग सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळला. तेव्हा राइडच्या दिवशी लावायचंच, आईने सांगितलंय म्हणा.

प्रश्न: माझ्या चार-पाच बोटांच्या नखांत बारीक काळसर उभ्या रेघा आहेत, बऱ्याच वर्षांच्या. नेटवर वाचून झोप उडाली आहे.
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर: सावळ्या माणसांत बऱ्याच नखांत अशा रेघा सर्रास दिसतात आणि त्या निरुपद्रवी असतात. झोपा. एकाच नखात मोठेपणी नवी रेघ आली, ती रुंदावत चालली, किंवा तिचा काळा रंग नखाच्या मुळाशी कातडीवर उतरला, तर मात्र त्याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. जाताना नेलपॉलिश किंवा मेंदी लावलेली नको, आणि मोबाइलमध्ये जुना फोटो असेल तर घेऊन जा.