जाताना स्क्रूड्रायव्हर घेऊन जा

चि. मित्रास, अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. नेरुळच्या आपल्या वसाहतीतले मुलांचे लाकडी खेळण्यांचे मैदान पाडून तेथे फायबरची खेळणी बसवावीत काय, असे सोसायटीने तुला विचारले आहे आणि अहवाल लिहायला बसले की लहानपणच आठवत राहते, अशी तुझी तक्रार आहे. आठवू दे, त्यावाचून त्या जागेची किंमत तुला कळायची नाही. मात्र मैदानावर जाताना खिशात एक स्क्रूड्रायव्हर असू दे.

आम्ही ते उभारले तेव्हा तुझा जन्मही झाला नव्हता. अमेरिकेतील इथाका येथील वास्तुविशारद रॉबर्ट लेदर्स हे 1970 च्या दशकापासून आधी मुलांना त्यांच्या मनातले मैदान विचारीत आणि मग गावकऱ्यांच्याच हातांनी मोजक्या दिवसांत ते लाकडात उभे करीत, असे आमच्यापैकी एकाच्या वाचनात आले होते. मोजक्या दिवसांचे आमच्याकडे चार महिन्यांचे रविवार झाले. मुलांच्या चित्रांत किल्लेच फार, म्हणून बुरूज आधी झाला आणि घसरगुंडी त्याला मागाहून चिकटवली. ती अजून किंचित तिरकी आहे.

तिसऱ्या पावसाळ्यानंतर मी सहज म्हणून बुरुजाच्या खांबाला स्क्रूड्रायव्हर टोचून पाहिला. छातीच्या उंचीवर, जेथे मुलांच्या हातांनी लाकूड गुळगुळीत झाले होते, तेथे टोक अडले. मातीलगत मात्र ते बोटभर आत गेले आणि ओल्या भुशासारखे काहीतरी घेऊन बाहेर आले. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला पाणी आणि हवा दोन्ही लागतात. खोल मातीत हवा कमी, वरचा भाग उन्हात वाळतो. जमिनीच्या रेषेवर दोन्ही सापडतात. पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या आपल्या भागात हे आम्हाला सुचायला हवे होते. उलट आम्ही खांबांभोवतीचे काँक्रीट मधोमध खोलगट ठेवून पाणी साचायची सोयच केली होती. पुढे ते काँक्रीट उतरते केले, खांबांची वरची तोंडे पत्र्याच्या टोप्यांनी झाकली, कारण आडव्या कापलेल्या तोंडातून लाकूड सर्वांत जास्त पाणी पिते, आणि दरवर्षी मे महिन्यात कोकणातून आणलेले काजूच्या टरफलांचे तेल लावू लागलो. होड्यांना लावतात तेच.

बऱ्याच वर्षांनी पुन्हा गेलो तेव्हा नजर मागच्या बाजूच्या सहा खांबांवर थबकली. ते एका व्यापाऱ्याकडून तयार आणलेले होते आणि रंगाने हिरवट होते. तांबे, क्रोमियम आणि विषारी आर्सेनिक यांचे द्रावण दाबाने लाकडात भरले की असा हिरवटपणा येतो. वाळवी त्याच्या वाटेला जात नाही, पण मुले खेळतात त्या लाकडासाठी हे द्रावण वापरणे अमेरिकेतील उत्पादकांनी 2003 च्या अखेरीस थांबवले. आपल्या खांबांत ते आहे की नाही, हे आम्ही तपासून घेतले नाही. आळस, दुसरे काय! ते तू प्रयोगशाळेतून तपासून घे आणि निकाल हाती येईपर्यंत त्यांना करवत लावू देऊ नकोस. खांब काढावेच लागले, तर जुने लाकूड होळीला देण्याची आपली रीत येथे मुळीच पाळू नकोस. आर्सेनिक जळून नाहीसे होत नाही, बरेचसे राखेत उरते, आणि तीच राख दुसऱ्या दिवशी धुळवडीला मुले अंगाला फासतात.

तेव्हा मैदानावर एकदाच जाऊन मत बनवू नकोस. मे महिन्यात सगळेच लाकूड निरोगी दिसते. जुलैच्या मध्यावर, दोन-तीन दिवस सलग पाऊस झाल्यावर जा आणि प्रत्येक खांबाजवळ गुडघे टेकून बस. बोल्टखाली तांबूस ओघळ दिसला तर तो बोल्ट काढून भोक पाहा. जेथे टोक बोटभर आत जाते ते खांब बदलावे लागतील. फळ्या बहुतेक टिकतील, कारण त्या जमिनीला टेकत नाहीत. तसे निघाले, तर सगळे पाडण्याचा खर्च सोसायटीने का करावा, हे मला कळत नाही.

पायऱ्यांची मापे घेताना पहिली पायरी इतरांच्या अंतराहून चार बोटे खाली आढळेल. ती सुताराची चूक नव्हे. तुझी मोठी बहीण तेव्हा दीड वर्षाची होती, तिच्या पायाच्या मापाने ती पायरी बसवली होती. ती सरळ करू नये, असे अहवालात स्पष्ट लिही.

तुझा,
काका