वाचकांचे प्रश्न : सारीपाट कसा मांडावा, कसा खेळावा

प्रश्न : आजीच्या जुन्या पेटीत अधिकच्या चिन्हासारखा शिवलेला कापडी पट, चार रंगांच्या १६ लाकडी सोंगट्या आणि तीन लांबट फासे सापडले. फाशांवर एक, दोन, पाच आणि सहा एवढेच ठिपके आहेत; तीन आणि चार कुठेच नाहीत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी जमल्या की हा पट मांडावा, असे मनात आहे. खेळ कसा खेळायचा? – एक वाचक, पारोळा

उत्तर : आपल्या हाती सारीपाटाचा पूर्ण संच आला आहे. फाशांवर तीन आणि चार नसणे हा दोष नव्हे. या लांबट फाशांची ती रीतच आहे. असा फासा टोकावर उभा राहत नाही, चार अंगांपैकी एकावर आडवा पडतो आणि साधारणतः एकच्या पाठीशी सहा व दोनच्या पाठीशी पाच असे ठिपके असतात.

पटाच्या प्रत्येक भुजेत आठ-आठ घरांच्या तीन रांगा, म्हणजे २४ घरे असतात. चारही भुजांची मिळून ९६ घरे होतात आणि मधला चौकोन वेगळा. खेळणाऱ्याने आपल्या समोरच्या भुजेची मधली रांग आपली मानावी. सोंगटी मध्यघरातून निघून या रांगेने आपल्याकडे खाली येते, टोकाला उजवीकडे वळते, कडेकडेच्या घरांवरून संपूर्ण पटाला प्रदक्षिणा घालते आणि पुन्हा त्याच मधल्या रांगेने वर चढून मध्यघरात पोहोचते. ही वाट ८३ घरांची आहे आणि ८४ वे पाऊल मध्यघरात पडते. शेवटचे हे पाऊल नेमक्या दानानेच, म्हणजे फाशांवर पडलेल्या नेमक्या आकड्यानेच टाकावे लागते. दान जास्त पडले तर ती सोंगटी तिथेच थांबते.

चौघे खेळत असतील तर समोरासमोरचे दोघे भिडू होतात. काळ्या व पिवळ्या सोंगट्या एका बाजूला, तांबड्या व हिरव्या दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी प्रचलित आहे. दोन्ही भिडूंच्या आठही सोंगट्या घरी पोहोचल्या तरच डाव जिंकला जातो. त्यामुळे स्वतःच्या सोंगट्या घाईने पुढे दामटणारा खेळाडू पुष्कळदा भिडूला उघडे पाडतो, आणि हा खेळ नव्याने शिकणाऱ्यांना हीच गोष्ट सर्वांत उशिरा उमगते.

आता दानाविषयी. तीन फाशांची बेरीज करून एकच सोंगटी तेवढी घरे चालवायची, असा समज ल्युडोच्या सवयीमुळे होतो आणि तो खेळाची सारी गंमत घालवतो. प्रत्येक फाशाचे दान स्वतंत्र असते. ते वेगवेगळ्या सोंगट्यांना वाटता येते किंवा एकाच सोंगटीला जोडून देता येते. समजा, आपले दान सहा, पाच आणि दोन असे पडले. प्रतिस्पर्ध्याची एकटी सोंगटी आपल्या एका सोंगटीच्या पुढे आठव्या घरात आहे, आणि आपल्याच तिसऱ्या एका सोंगटीच्या मागे पाच घरांवर आपली आणखी एक सोंगटी आहे. अशा वेळी सहा आणि दोन मिळून आठ घरे चालून प्रतिस्पर्ध्याची सोंगटी मारावी, म्हणजे ती मध्यघरात परत जाऊन नव्याने वाट चालू लागेल. उरलेल्या पाचाने मागची सोंगटी तिसरीच्या घरात नेऊन जोड बांधावी. तेच १३ एका सोंगटीवर खर्च केले असते तर ती पुढे गेली असती खरी, पण एकटी पडली असती.

ही जोड म्हणजे सारीपाटाचा प्राण आहे, असे मी मानतो. आपल्या दोन सोंगट्या एका घरात असल्या की एकटी सोंगटी त्यांना मारू शकत नाही. जोडीला जोडच मारते. दोन फाशांवर सारखे दान पडले तर जोड एकत्र चालवता येते, अशीही रीत आहे. दान पडणे दैवाधीन असले तरी जोड केव्हा बांधावी आणि केव्हा मोडावी हे सर्वस्वी खेळणाऱ्याच्या हाती असते.

घरोघरच्या नियमांत फरक असतो, म्हणून पट मांडण्यापूर्वी दोन गोष्टी ठरवून घ्याव्यात : मध्यघरातून सोंगटी कोणत्याही दानाने उतरू द्यायची की ठरावीक दानानेच, आणि मारल्यावर पुन्हा दान मिळते की नाही. माहेरवाशिणींपैकी बहुतेकजणी नवख्या असतील तर कोणत्याही दानाने उतरू द्यावे, म्हणजे कोणी ताटकळत बसणार नाही.

प्रश्न : आमच्याकडे फासे नाहीत, सहा कवड्या आहेत. दान कसे मोजावे? पटावरच्या फुल्या कशासाठी असतात? – एक वाचक, शहादा

उत्तर : कवड्यांनी खेळतात ती पच्चीशी. एका प्रचलित मोजणीप्रमाणे तोंड वर करून दोन ते सहा कवड्या पडल्या तर तेवढेच दान, एकच पडली तर दहा आणि सर्व उपड्या पडल्या तर २५ मोजतात. सहा, दहा व २५ या दानांवर पुन्हा कवड्या टाकायला मिळतात. फुलीच्या घरात सोंगटीला मारता येत नाही. प्रत्येक भुजेच्या मधल्या रांगेच्या टोकाला एक फुली असते. मध्यघरातून २५ घरे मोजून पाहिलीत तर सोंगटी नेमकी उजवीकडच्या भुजेच्या टोकावरील फुलीत बसते, म्हणजे मोठे दान मिळवणाऱ्याला लगेच आसराही मिळतो. फाशांच्या सारीपाटात फुल्यांचा हा आधार नसतो, म्हणून तेथे जोडीचे मोल अधिक.

प्रश्न : वेरूळच्या लेण्यांत सारीपाट कोरलेला आहे, हे खरे का? – एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : आपल्याला कन्नडचा घाट चढून गेले की वेरूळ जवळच आहे, तेव्हा प्रत्यक्षच पाहावे. १४, २१ आणि २९ या क्रमांकांच्या लेण्यांत शिव-पार्वती फासे खेळत असल्याची शिल्पे आहेत. त्यांवरून फाशांच्या खेळाचे प्राचीनत्व निश्चित होते. मात्र आजचा चार भुजांचा पटही तितकाच जुना आहे, असे त्या शिल्पांच्या आधारे म्हणू नये. अकबराच्या काळात हा पट चांगलाच रुळला होता. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त चौपडीचे, म्हणजे याच खेळाचे, वर्णन केले आहे, आणि फत्तेपूर सिक्रीच्या अंगणात फरशीवर आखलेला भला मोठा पट आजही दिसतो. ल्युडो हे याच खेळाचे सोपे केलेले रूप असून त्याचे पेटंट इंग्लंडमध्ये १८९६ साली घेतले गेले.

प्रश्न : तीनपैकी एक फासा हरवला आहे. दोन फाशांवर खेळावे का? – एक वाचक, धरणगाव

उत्तर : खेळता येईल, पण दान वाटण्याचे पर्याय कमी होतील. त्यापेक्षा सुताराकडून उरलेल्या फाशांच्या मापाची चौकोनी लाकडी कांडी करून घ्यावी. चारही अंगे अगदी सारखी हवीत. एखादे अंग रुंद राहिले तर फासा वारंवार त्यावरच पडेल. ठिपके खोल कोरण्याऐवजी रंगाने द्यावेत, आणि खेळायला घेण्यापूर्वी नवा फासा सतरंजीवर पुष्कळ वेळा टाकून चारही दाने साधारण सारखी पडतात का, ते पाहावे.