मग प्रिंटिंग मशीनचा हीटर काळा पडलाय, नव्या मगवर जुन्या प्रिंटचे डाग येतात, साफ कसा करू?

आधी प्लग काढा आणि मशीन पूर्ण गार होऊ द्या, मग सुती फडक्यावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हीटरच्या आतलं सिलिकॉन (रबरासारखं अस्तर) हलक्या हाताने पुसा, ब्लेड किंवा तारेची घासणी अजिबात लावू नका, सिलिकॉन फाटलं की हीटरच बदलावा लागतो. डाग येतात कारण 180 डिग्रीच्या आसपास शाईचा गॅस होतो आणि डिझाइन छापलेल्या कागदातून निसटून हीटरवर बसतो, म्हणून दर वेळी प्रिंटवर साधा कोरा कागद गुंडाळा आणि तो परत वापरू नका (दोन रुपये वाचवायला जाल नि शंभरचा मग घालवाल). आत मग नसताना मशीन तापवत ठेवू नका, हीटर जळतो. आणि हो, काम नसलं तरी आठवड्यातून एकदोनदा डिझाइन छापायच्या प्रिंटरवर नोझल चेक (शाईची छिद्रं तपासायची टेस्ट प्रिंट) मारा, नाहीतर शाई सुकून हेड चोकअप झालंच समजा.