कॅलिडोस्कोपची किंमत आतल्या आरशांवर ठरते : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात रंगीत काचेच्या दिव्यांविषयी लिहिताना स्टेन्ड ग्लासच्या कॅलिडोस्कोपचा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर गोव्याच्या निरनिराळ्या भागांतून पत्रे आली. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : एका हस्तकला प्रदर्शनात निळ्या-हिरव्या काचेचा, तांबूस जोडांचा कॅलिडोस्कोप पाहिला. किंमत काही हजारांत होती. जत्रेच्या फेरीत मुलांसाठी घेतो ती पुठ्ठ्याची नळी आणि हा, यांत खरोखर एवढा फरक असतो का? संग्रहासाठी घ्यायचा झाल्यास काय पाहावे?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : फरक असतो, पण बहुतेक ग्राहक जिथे पाहतात तिथे तो नसतो. बाहेरची काच सुंदर असावी हे खरेच. परंतु या वस्तूचे खरे मोल माझ्या मते आतल्या आरशांच्या जोडणीत असते आणि ते डोळा लावल्याशिवाय कळत नाही. म्हणून कॅलिडोस्कोप हातात आला की बाहेरची कारागिरी न्याहाळत बसू नये. उजेडाकडे तोंड करून आधी आत पाहावे आणि नक्षीचे भाग मोजावेत. दोन आरशांच्या रचनेत आरशांमधला कोन 30 अंशांचा असेल, तर वर्तुळाचे 12 भाग दिसतात आणि सहा टोकांची चांदणी तयार होते. 45 अंशांना 8 भाग आणि चार टोके, तर 22.5 अंशांना 16 भाग आणि आठ टोके मिळतात. या भागांपैकी एकच खरा असतो, बाकीची सगळी प्रतिबिंबे असतात, आणि कोनातली चूक प्रत्येक प्रतिबिंबागणिक वाढत जाते. कारागिराचा कोन 30 ऐवजी साडेएकोणतीस अंशांवर राहिला, तर अर्ध्या अंशाची ती चूक बारा भागांत मिळून 6 अंशांची होते आणि खऱ्या भागाच्या बरोबर समोरच्या बाजूला नक्षी तुटलेली दिसते. ती जागा मुद्दाम शोधावी. तिथेही एक पाकळी दुसरीला चोख जुळत असेल, तर करणाऱ्याचा हात तयार आहे असे खुशाल समजावे. तीन आरशांच्या रचनेत मात्र एकच चांदणी न दिसता नक्षी चहूकडे पसरत जाते. तिथे 60-60-60, 45-45-90 किंवा 30-60-90 या अंशांचे त्रिकोणच निर्दोष नक्षी देतात.

दुसरी गोष्ट दुरुस्तीची. टोकाचा, रंगीत तुकड्यांचा खण उघडता येतो का, आरसे बाहेर काढून पुसता येतात का, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारावे. चहूबाजूंनी कायमचा बंद केलेला कॅलिडोस्कोप कितीही देखणा असला तरी आपल्या हवेत संग्रहासाठी घेऊ नये, असे माझे मत आहे. करणाऱ्याची सही, साल आणि मर्यादित प्रती असल्यास प्रतीचा क्रमांक काचेवर किंवा जोडावर कोरलेला असावा. केवळ कागदी चिठ्ठी काही वर्षांत गळून पडते.

ही वस्तू संग्राहकांपर्यंत पोहोचली ती बऱ्याच वळणांनी. स्कॉटलंडचे शास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टर प्रकाशाच्या परावर्तनाचे आणि ध्रुवीकरणाचे प्रयोग करत असताना 1816 साली त्यांना ही कल्पना सुचली आणि 1817 मध्ये त्यांनी तिचे पेटंट घेतले. परंतु नमुना लंडनच्या चष्मेवाल्यांच्या नजरेस पडला, नकला धडाधड बाजारात आल्या, आणि प्रचंड विक्री होऊनही ब्रूस्टर यांच्या हाती फारसे काही लागले नाही. पुढे 1870 च्या दशकात अमेरिकेत चार्ल्स बुश यांनी द्रव भरलेल्या काचेच्या बंद कुप्या खणात घातल्या. कुपीतला हवेचा बुडबुडा सावकाश सरकत राहतो, त्यामुळे नळी फिरवायची थांबली तरी नक्षी हलत राहते. बुश यांचे ते कॅलिडोस्कोप आज जुन्या वस्तूंच्या संग्राहकांना फार प्रिय आहेत. विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील संग्राहक कोझी बेकर यांनी 1985 मध्ये कॅलिडोस्कोपचे प्रदर्शन भरवले आणि 1986 मध्ये ब्रूस्टर यांच्या नावाने संस्था स्थापन केली. कारागीर आणि संग्राहक त्यामुळे एकमेकांना भेटू लागले, आणि स्टेन्ड ग्लासचे काम करणाऱ्या अनेकांनी आपला हात या वस्तूकडे वळवला. जपानात क्योटो येथे तर केवळ कॅलिडोस्कोपचे संग्रहालय आहे.

प्रश्न : स. न. वि. वि. मी काचकाम शिकलो आहे. घरच्या आरशाच्या पट्ट्या कापून कॅलिडोस्कोप केला. बाहेरून चांगला जमला, पण आतली चित्रे दुहेरी आणि काळपट दिसतात, सांध्यावर काळी रेघ येते. दोष कुठे आहे?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : दोष आरशाच्या जातीत आहे. भिंतीवरच्या आरशाचा चकाकणारा थर काचेच्या पाठीमागे असतो. प्रकाश काचेतून आत जातो, थरावर आपटून परत येतो, आणि थोडा प्रकाश काचेच्या पुढच्या पृष्ठावरूनच परततो. म्हणून दोन चित्रे. समोर उभे राहून चेहरा पाहताना हे दुसरे चित्र जाणवत नाही, पण कॅलिडोस्कोपमध्ये किरण आरशाला फार तिरके लागतात आणि किरण जितका तिरका, तितका पुढच्या पृष्ठावरून परतणारा प्रकाश अधिक. सांध्यावरची रेघही त्यामुळेच येते, कारण दोन काचा एकमेकींना टेकल्या तरी त्यांचे थर काचेच्या जाडीइतके दूर राहतात. यासाठी पुढच्या पृष्ठावर ॲल्युमिनियमचा थर दिलेले आरसे वापरावे लागतात. विज्ञानाची उपकरणे विकणाऱ्यांकडे ते ‘फ्रंट सरफेस मिरर’ या नावाने मागावेत. काळपटपणाचा हिशेबही ध्यानात घ्या : प्रत्येक परावर्तनात 15 टक्के प्रकाश कमी झाला असे धरले, तर सहाव्या परावर्तनानंतर जेमतेम 38 टक्के उरतो, आणि बारा भागांच्या नक्षीत समोरच्या भागापर्यंत पोहोचायला नेमकी सहा परावर्तने लागतात. त्यामुळे आरसा चांगला असावा हा हट्ट योग्यच आहे.

कोन साधायला कोनमापक पुरत नाही. दोन्ही आरशांची परावर्तक रुंदी सारखी ठेवून तिसरी, काळी, न चमकणारी पट्टी हिशेबाने कापावी. आरसे 40 मिलिमीटर रुंद असतील, तर 30 अंशांसाठी ही पट्टी 20.7 मिलिमीटर आणि 22.5 अंशांसाठी 15.6 मिलिमीटर भरली पाहिजे. पट्टी घासून थोडी कमी करावी, तिन्ही तुकडे रबरबँडने बांधून डोळा लावावा, समोरची पाकळी जुळते का पाहावे, पुन्हा घासावे. कंटाळा न करता हे करत राहिल्यास कोन जुळतो. डोळ्याचे छिद्र दोन आरशांच्या सांध्याजवळ असावे आणि रंगीत तुकड्यांचा खण आरशांच्या टोकाला जवळजवळ भिडलेला असावा. खण दूर गेला की नक्षीची सममिती बिघडते, हे ब्रूस्टर यांनीही बजावून सांगितले होते.

आपण काचकाम शिकलेले आहात, म्हणून बाहेरच्या कवचाविषयी एवढेच सांगतो. 3 मिलिमीटरच्या काचेला साडेपाच मिलिमीटरची तांब्याची चिकटपट्टी लावली, तर दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा मिलिमीटर दुमड मिळते आणि डाखाची (सोल्डरची) रेघ बारीक, एकसारखी येते. मात्र आरसे आत असताना डाख कधीही देऊ नये, कारण फ्लक्सची (डाख नीट धरावा म्हणून लावायच्या रसायनाची) वाफ ॲल्युमिनियमच्या थरावर बसते आणि तो कायमचा धुरकट होतो. आधी कवच पूर्ण करावे, साबणाच्या पाण्याने धुवावे, रात्रभर वाळू द्यावे, मग आरसे सरकवावेत आणि खण सर्वांत शेवटी बसवावा. खणात पारदर्शक तुकडेच घालावेत. कवचावर शोभणारी दुधी काच खणात गेली की प्रकाश अडवते आणि मळकट डाग होऊन दिसते. लहानपणी आपण सर्वांनी वापरले ते बांगड्यांचे तुकडे या कामाला आजही उत्तम, पण त्यांच्या कडा घासून घ्याव्यात, म्हणजे खणाच्या काचेवर ओरखडे उठणार नाहीत. खण निम्म्याहून अधिक भरू नये.

प्रश्न : आमच्या जुन्या घराचे नूतनीकरण चालू आहे. लाल-निळी तावदाने आणि शिंपल्यांच्या चकत्या बसवलेल्या खिडक्या काढाव्या लागत आहेत. यांचा कॅलिडोस्कोपमध्ये उपयोग होईल का?
– एक वाचक, पणजी

उत्तर : होईल, आणि आपण विचारलेत याचा मला मनापासून आनंद झाला, कारण अशा खिडक्या बहुधा राडारोड्याबरोबर जातात. तरीही एक विनंती. अखंड चौकट शिल्लक असेल तर ती अखंडच जपा किंवा जुन्या घरांची डागडुजी करणाऱ्या सुताराकडे द्या. कॅलिडोस्कोपसाठी फक्त तडकलेली तावदाने आणि सुट्या चकत्या घ्या.

तावदानाची कड आधी उजेडात पाहावी. लाल काचेत अनेकदा साध्या काचेवर लाल रंगाचा पातळ पापुद्रा असतो. तो ज्या बाजूला असेल तिच्या उलट बाजूने काच कापावी. जुनी काच कधी कधी असमान जाडीची असते. तिच्यावर कटरचे चाक रॉकेलमध्ये बुडवून एकदाच, एकसारख्या दाबाने ओढावे. त्याच रेघेवरून पुन्हा चाक फिरवल्यास काच भलतीकडे तडकते आणि कटरही खराब होतो.

शिंपल्याच्या चकत्यांचा माझ्या मते सर्वांत चांगला उपयोग खणाच्या बाहेरच्या टोकाला आहे. तिथे एरवी घासलेली काच लावतात, म्हणजे प्रकाश पसरून आत यावा. शिंपल्यातून येणारा उजेड त्याहून उबदार, किंचित पिवळसर असतो, आणि गोव्याच्या कारागिराने केलेल्या वस्तूवर गोव्याची खूण राहते. फक्त चकतीला डाखाजवळ आणू नये. शिंपला कॅल्शियम कार्बोनेटचा असतो; आम्लयुक्त फ्लक्स त्याला खातो आणि उष्णतेने त्याचे पापुद्रे सुटतात. चकती सर्व धुणे-पुसणे झाल्यावर सिलिकॉनने बसवावी. नव्या चकत्यांसाठी मात्र कोणीही खाडीत उतरू नये. चिखलीच्या खाडीत, झुवारीच्या मुखाजवळ, हे शिंपले आजही आढळतात आणि वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण दिलेले आहे.

प्रश्न : भेट मिळालेल्या कॅलिडोस्कोपच्या जोडांवर पावसाळ्यात पांढरी भुकटी आली आणि आत धुके दिसते. घर समुद्राजवळ आहे. – एक वाचक, कांदोळी

उत्तर : भुकटी शिसे आणि कथील यांच्यावर खारट दमट हवेने चढलेली आहे. हातमोजे घालून ओल्या फडक्याने ती टिपून घ्यावी, कोरडी झटकू नये. मग मऊ कापडाने कारनोबा मेणाचा पातळ हात द्यावा आणि पावसाळ्याआधी दरवर्षी तो पुन्हा द्यावा. आतले धुके म्हणजे दमटपणा किंवा बुरशी. टोक उघडत असेल तर आरसे हवेच्या रबरी फुग्याने झटकावेत. कापडाने घासू नयेत आणि काच पुसायचे अमोनियायुक्त द्रावण तर मुळीच लावू नये, कारण वरचा थर अतिशय नाजूक असतो. जून ते सप्टेंबर कॅलिडोस्कोप घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. तेल भरलेला खण असेल तर बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, उन्हात ठेवू नये : तेल उन्हाने प्रसरण पावते आणि सांधा झिरपू लागतो.

प्रश्न : शाळेत सातवीच्या मुलांकडून स्टेन्ड ग्लासचे कॅलिडोस्कोप करून घ्यावेत असा विचार आहे. – एक शिक्षिका, डिचोली

उत्तर : डाखाचे काम मुलांकडून करून घेऊ नये, हे मी ठामपणे सांगतो. नेहमीच्या डाखात 60 टक्के कथील आणि 40 टक्के शिसे असते. सोल्डरिंगच्या तापमानाला शिशाची वाफ जवळजवळ होत नाही. खरा धोका हाताला लागलेले शिसे तोंडात जाण्याचा आहे, आणि वाढत्या वयात त्याचा परिणाम मेंदूवर होतो. मोठ्यांनीही हे काम स्वयंपाकघरात करू नये, काम करताना काही खाऊ नये, हात साबणाने धुवावेत आणि फ्लक्सचा धूर बाहेर जाईल अशी सोय करावी. मुलांसाठी पीव्हीसी पाइपची नळी, आपण आधीच कापून कडा घासलेले आरसे आणि बांगड्यांचे तुकडे पुरेत. कोनाचा आणि भागांचा हिशेब त्यांना स्वतः करू द्या. आठ भागांसाठी किती अंश, बारासाठी किती, हे वहीत मांडून मग आरसे बांधायला लावले, तर भूमितीचा तो तास मुलांच्या कायम लक्षात राहील.

प्रश्न : वय सत्तरीपुढे आहे. नातवाने आणलेल्या कॅलिडोस्कोपमधली नक्षी मला अंधूक दिसते. दोष माझ्या डोळ्यांचा की वस्तूचा? – एक वाचक, वाळपई

उत्तर : दोष वस्तूचा म्हणावा लागेल. बहुतेक नळ्या 15 ते 20 सेंटिमीटर लांब असतात, आणि इतक्या जवळचे उतारवयात चष्म्याविना स्पष्ट दिसत नाही. चांगले कारागीर म्हणून डोळ्याच्या छिद्रात भिंग बसवतात. नळी 20 सेंटिमीटरची असल्यास चष्मेवाल्याकडून +5 नंबरची काच छिद्राच्या मापाने गोल कापून घ्यावी आणि छिद्रावर बसवावी. मग वाचनाचा चष्मा काढून पाहावे; लांबचा नंबर असेल तर तो चष्मा मात्र डोळ्यावर ठेवावा.