जुन्या इमारतीत पावसाचे पाणी नेमके कुठून शिरते, हे कसे शोधावे?

आपण विचारले आहे की आपली इमारत १९८३ सालची, चार मजली आहे. आपण तिसऱ्या मजल्यावर राहता. दर पावसाळ्यात शयनगृहाच्या छताचा एक कोपरा ओला होतो. वर चौथ्या मजल्यावरच्या कुटुंबाचे बाथरूम आहे. ते फोडून घ्यावे असे काही सभासद म्हणतात, तर गच्चीवर पत्र्याची शेड टाकावी असे समितीचे मत आहे. अशा वेळी गळतीचे मूळ कसे ओळखावे आणि शेडचा उपयोग होईल का, असा आपला प्रश्न आहे. मी हे उत्तर लिहिते आहे, कारण आमच्या इमारतीत ज्या वरच्या लोकांचे बाथरूम फोडले गेले ते लोक आम्ही होतो. एकदा नव्हे, दोनदा फोडले, आणि दोन्ही वेळा विनाकारण फोडले.

ठाण्यातील आमची इमारत १९७८ सालची आहे. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि आमच्या बाथरूमची बाहेरची भिंत पश्चिमेकडे आहे. २०११ च्या जुलै महिन्यात दुसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या छताला, बरोबर आमच्या बाथरूमखालच्या कोपऱ्यात, ताटाएवढा डाग पडला. त्याची कड चहाच्या डागासारखी तपकिरी होती आणि मधला रंग फुगून त्याचे पोपडे सुटले होते. सोसायटीच्या सभेत तेव्हाचे सचिव म्हणाले, "पाणी वरून खाली येते, यात शोधण्यासारखे काय आहे?" हे वाक्य मी आजही विसरलेले नाही. पाणी वरून खाली येते हे खरेच आहे. परंतु ते सरळ रेषेत येते असे कोणी सांगितले? ते विटांच्या सांध्यांतून उतरते, तुळईवर पोहोचले की आडवे सरकते, आणि जिथे गिलावा कच्चा असेल तिथे बाहेर पडते. डाग दिसतो ती जागा पाण्याच्या प्रवासाचा शेवट असते. हे मी त्या सभेत सांगितले होते, पण बँकेत नोकरी करणाऱ्या बाईला बांधकामातले काय कळते, असा एकंदर सूर होता.

मे २०१२ मध्ये आमच्या बाथरूमच्या लाद्या फोडल्या. लाद्यांखालचा भराव ओला निघाला आणि सर्वांनी तोच पुरावा मानला. माझे वडील तेव्हा ७९ वर्षांचे होते आणि गुडघ्यांमुळे त्यांना जिना चढउतार करणे कठीण जात असे. तरीही सतरा दिवस ते काठी टेकत तळमजल्यावरच्या एका सद्गृहस्थांकडे आंघोळीला जात होते. लाद्यांखालच्या खोलगट भागातला सगळा भराव काढून, नवा कोबा, म्हणजे ठोकून घट्ट केलेला थर, घालून, न्हाणीच्या जाळीभोवतीचा सांधा नव्याने भरून घेतला. ५८,००० रुपये खर्च आला आणि तो आम्हीच केला. जूनअखेर पश्चिमेचा पाऊस लागला आणि खालच्या छताचा तोच कोपरा पुन्हा ओला झाला. यावर निष्कर्ष असा काढला गेला की कंत्राटदाराने काम नीट केले नाही, आणि एप्रिल २०१३ मध्ये दुसऱ्या कंत्राटदाराकडून तेच बाथरूम पुन्हा फोडून घेतले गेले. या वेळी भिंतीच्या टाइल्सची खालची ओळही काढली. मागच्या विटा हाताला गार लागत होत्या आणि त्यांच्यावर लोणा धरला होता. मी तो पांढरा क्षार बोटाने खरवडून सचिवांना दाखवला आणि विचारले की पाणी जमिनीतून खाली जात असेल, तर जमिनीपासून वीतभर वरची वीट ओली का? त्यांच्याकडे उत्तर नव्हते, तरी काम थांबले नाही.

त्या पावसाळ्यात छत तिसऱ्यांदा गळले, तेव्हा मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत नोंदी ठेवायला सुरुवात केली. खालच्या वहिनींनी यात मनापासून साथ दिली, हे मुद्दाम नमूद करते. तक्रार त्यांची होती, पण आमच्याशी वैर त्यांनी कधी धरले नाही. त्या रोज सकाळी आणि संध्याकाळी डागाला हात लावून पाहत आणि मला सांगत. मी पाऊस किती वाजता सुरू झाला, वारा कुठून होता आणि आमच्याकडे कपडे कधी धुतले, हे लिहीत असे. दोन पावसाळ्यांच्या नोंदींतून जे दिसले ते कोणत्याही यंत्राने दाखवले नसते. नोव्हेंबर ते मे आम्ही रोज आंघोळी करत होतो, कपडे धूत होतो, आणि छत खडखडीत कोरडे होते. पश्चिमेच्या वाऱ्यासह चार-पाच तास सलग पाऊस झाला की त्यानंतर पाच-सहा तासांनी डाग ओला होई आणि पाऊस थांबल्यावरही दोन दिवस ओला राही. आणि ऑक्टोबरमध्ये पूर्वेकडून गडगडाट करत येणारा परतीचा पाऊस कितीही जोराचा झाला, तरी डागाला ओल येत नसे. गच्चीवर तर तो पाऊसही तितकाच पडत होता. म्हणजे दोष ना बाथरूमचा होता ना गच्चीचा. तो पश्चिमेच्या भिंतीचा होता.

या नोंदी घेऊन मी नव्या समितीकडे गेले आणि डिसेंबर २०१४ मध्ये, भर कोरड्या दिवसांत, आम्ही चाचण्या केल्या. पहिली चाचणी आमच्या बाथरूमची. न्हाणीचे तोंड बंद करून दोन इंच पाणी भरले, त्यात रंग कालवला आणि ते ४८ तास तसेच ठेवले. खाली एक थेंबही आला नाही. मग बाहेरच्या भिंतीवर नळीने पाणी मारले, आणि हे नेहमी खालून वर जात करावे. वरून सुरुवात केली तर पाणी ओघळून सगळी भिंत भिजते आणि कोणत्या जागेतून आत शिरले ते कळत नाही. शिवाय पाणी आतून बाहेर यायला तास लागतात, म्हणून एका दिवशी एकच टप्पा भिजवायचा. पहिल्या दिवशी दुसऱ्या मजल्याची पट्टी, दुसऱ्या दिवशी आमची, तिसऱ्या दिवशी चौथ्या मजल्याची. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला सुरुवात केली आणि दुपारी साडेतीनला खालच्या वहिनींनी हाक मारली.

चौथ्या मजल्याच्या त्या पट्टीत भिंतीला चिकटून गच्चीचे पाणी उतरवणारा बिडाचा जुना पाइप होता. समोरून पाहता भिंतीला तडा नव्हता, रंगही बरा होता. परांचीवर चढलेल्या प्लंबरला पाइपाच्या मागे हात घालता येईना, म्हणून मी वडिलांचा दाढीचा आरसा त्याला दिला. तो आरसा पाइपाच्या मागे सरकवून त्याने मला खिडकीतून दाखवले. तिथे गिलावाच नव्हता. उघड्या विटा हिरव्या शेवाळाने माखलेल्या होत्या आणि पिंपळाचे एक मूळ करंगळीएवढे जाड होऊन विटांच्या सांध्यात शिरले होते. गच्चीवरून पाइपात बादलीभर पाणी ओतले तेव्हा त्याचा सांधाही मागच्या बाजूने ठिबकू लागला. इमारतीला आजवर तीनदा बाहेरून गिलाव्याची डागडुजी आणि रंग झाला होता. तिन्ही वेळा पाइप न काढता भोवतीने काम उरकले होते.

मग आमच्या घरात ओल का दिसली नाही? कारण आमच्या बाथरूमची भिंत छतापर्यंत चकचकीत टाइल्सनी झाकलेली आहे. भिंतीत उतरलेल्या पाण्याला आमच्याकडे बाहेर पडायला वाटच नव्हती. ते टाइल्सच्या मागून उतरून लाद्यांखालच्या भरावात साठले, तुळईवरून सरकले आणि खालच्यांच्या छताला दिसले. भराव ओला निघाला होता तो यामुळे. लाद्यांखाली ओल सापडणे हा बाथरूम गळत असल्याचा पुरावा मानला जातो. माझ्या मते तो पुरावा नाही, आणि फोडण्याआधी रंगाच्या पाण्याची चाचणी न करणारा कंत्राटदार दारात उभा करू नये.

आता आपल्या कोपऱ्याविषयी. ओल बारा महिने सारखीच असेल तर पिण्याच्या पाण्याचा पाइप पाहा. सकाळच्या आंघोळीनंतर वाढत असेल तर वरचे बाथरूम. केवळ पावसात आणि विशिष्ट दिशेच्या वाऱ्यात वाढत असेल तर बाहेरची भिंत, आणि कोकणपट्टीत ती बहुधा पश्चिमेची किंवा दक्षिणेची निघते. आपण शेवटच्या मजल्यावर नाही, म्हणून गच्ची हा माझा पहिला संशय नाही. गच्चीचे पाणी आधी चौथ्या मजल्याच्या छताला दिसायला हवे. त्यांच्याकडे जाऊन छत पाहा आणि तिथे कोपऱ्यांत टाइल्स किंवा खोटे छत आहे का तेही पाहा. बाहेरून पाहताना पाइपाच्या मागची भिंत, तुळई आणि वीटकाम यांच्या सांध्यावरची आडवी बारीक चीर, खिडकीवरच्या छज्ज्याचा भिंतीशी असलेला सांधा, जाळीसाठी छज्ज्यात ठोकलेले खिळे आणि केबलसाठी पाडून तसेच सोडलेले भोक या जागा सोडू नका. केबलचे भोक बाहेरून आत उतरते असेल, तर पाणी वायरीच्या आधाराने थेट घरात येते; ते आतून बाहेर उतरते पाडायला हवे.

शेडबद्दल माझे मत स्पष्ट आहे. भिंतीवर आडवा मारणारा पाऊस गच्चीवरच्या शेडने थांबत नाही. आमच्याकडेही २०१३ मध्ये शेडचा ठराव आला होता, आणि तो मंजूर झाला असता तर प्रत्येक घराचे पैसे जाऊन छत तसेच गळत राहिले असते. गच्ची खरोखरच गळत असेल, तरी आधी कठड्याच्या मुळाशी असलेला वाटा, म्हणजे गवंडी कोपऱ्यात करतात ती गोलाई, सुटला आहे का आणि पाणी उतरण्याच्या तोंडाशी उतार उरला आहे का, हे पाहावे. शंभर फुटांना फूटभर उतार लागतो. जुन्या गच्चीत तो ठिकठिकाणी बसलेला असतो. जुना कोबा न काढता त्यावर नवा कोबा घालणे मला मुळीच मान्य नाही. चार इंच कोब्याचे वजन प्रत्येक चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास जाते, आणि ते चाळीस वर्षांच्या स्लॅबने का वाहावे?

पैशांचा मुद्दा मी टाळणार नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची गळती, सामायिक पाइपांची गळती, गच्ची आणि कठडा यांची दुरुस्ती संस्थेने आपल्या खर्चाने करायची असते. सभासदाच्या बाथरूममधली गळती त्या सभासदाने. म्हणूनच दोष बाथरूमवर ढकलण्याची घाई होते. आमचे दोन वेळचे मिळून १,२१,००० रुपये गेले. ते परत मिळावेत म्हणून मी लेखी मागणी केली, आणि नव्या समितीने पाइप बदलून भिंत दुरुस्त केली, परंतु आमची भरपाई सभेत मतांनी फेटाळली गेली. वडील २०१६ मध्ये गेले. आपल्याकडे चूक झाली, एवढे एक वाक्य त्यांना कोणी सांगितले असते तर त्यांना बरे वाटले असते. तेव्हा चौथ्या मजल्यावरच्यांच्या दारी हातोडा घेऊन जाण्याआधी त्यांना वही घेऊन भेटा, आणि फोडकाम करायचेच झाले तर मूळ दुसरीकडे निघाल्यास खर्च संस्था देईल, असे आधी लिहून द्या.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. मी अभियंता नाही. छताचा गिलावा पडून सळ्या दिसत असतील, किंवा सळीच्या रेषेत तडे गेले असतील, तर वही आणि नळी बाजूला ठेवून प्रथम संरचना अभियंत्याला बोलवा; गंजलेली सळी फुगते आणि काँक्रीट फोडते, आणि तो प्रश्न रंगाच्या पाण्याने सुटत नाही. आपली इमारत ३० वर्षांहून जुनी आहे, त्यामुळे उपविधींप्रमाणे दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी व्हायलाच हवी. मागचा अहवाल मागून घ्या. गच्चीवर पाणी भरून चाचणी करण्यापूर्वीही त्या अभियंत्याला विचारा, कारण दोन इंच पाण्याचे वजनही प्रत्येक चौरस मीटरला पन्नास किलो होते. आणि आपले वरचे बाथरूम खरोखरच गळत असू शकते. तसे निघाले तर त्यांनी ते दुरुस्त करायलाच हवे.

नोंदी याच पावसाळ्यात सुरू करा आणि दुरुस्ती दिवाळीनंतर हाती घ्या. ओल्या विटांवर घातलेला गिलावा टिकत नाही. पाइप बदलायची वेळ आली तर जुना पाइप पूर्ण उतरवून मागची भिंत गिलावा करून घ्या, आणि नवा पाइप भिंतीपासून चार बोटे पुढे बसवायला सांगा. आमचा तसा बसवला आहे. त्याच्या मागे आता हात जातो, आणि दर मे महिन्यात मी तो घालून पाहते.